आधी थोरली

त्या घरात कुठलीही नवी गोष्ट आली की आधी थोरली. तसा कुणी नियम केला नव्हता, पण घरातले खरे नियम कुणी करत नसतंच, ते अंगवळणी पडतात. धंदा कपडे धुण्याचा. खाली भट्टी, मशिनं आणि इस्त्रीची टेबलं, वरच्या मजल्यावर राहायची जागा, त्याच्याही वर गच्ची आणि गच्चीभर दोऱ्या. नवी पावडर आली की ती कातडी सोलते का हे बघायला आधी थोरलीचं बोट त्यात बुडणार. वाफेची इस्त्री आली तेव्हा धाकटी जाऊ भिंतीला चिकटून उभी राहिली, आणि थोरलीने बाह्या वर करून पहिली चादर फिरवून दाखवली. मग म्हणाली, "बघ, मेले का मी? ये आता."

धाकटी होतीच तशी भित्री. भित्री म्हणजे किती, तर एकदा बटणातून ठिणगी उडाली, त्यानंतर आठवडाभर ती त्या भिंतीकडे पाठ करून चालत होती. पण थोरलीने एकदा एखादी गोष्ट करून दाखवली की ती मुकाट्याने मागून करायची. सासूबाई म्हणायच्या, "एकीला भीती ठाऊक नाही आणि दुसरीला भीतीशिवाय काही ठाऊक नाही. दोघींना एकत्र पिळून एकच सून केली असती तर बरं झालं असतं."

थोरलीचा आणखी एक मान होता, तो खुणांचा. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला दोऱ्याची खूण तीच घालायची. दवाखान्याच्या चादरींना निळा दोरा, लॉजच्या चादरींना लाल, घरगुती कपड्यांना गाठी, कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. कुठल्या गाठी कुणाच्या हे सगळं तिच्या डोक्यात. आजवर तिच्या हातून साधा रुमाल इकडचा तिकडे गेला नव्हता, आणि हे ती स्वतः कधी सांगायची नाही, पण दुसऱ्या कुणी सांगितलं की ऐकत उभी राहायची.

दोघींना दिवस गेले तेही जोडीने. थोरली महिनाभर पुढे. तिचं हे दुसरं. पहिल्या मुलीच्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालताना कळा सुरू झाल्या होत्या, आणि ही बाई टोपलीतली शेवटची चादर दोरीवर घालून, तिला चिमटे लावून मगच खाली उतरली होती. त्यामुळे तिच्या बाळंतपणाची घरात कुणाला चिंता नव्हती. तिलाही नव्हती. सगळी चिंता धाकटीच्या वाट्याला आली होती, आणि पाचव्या महिन्यात ती घडीच्या टेबलापाशी चक्कर येऊन पडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

पडली ती धुतलेल्या चादरींच्या ढिगावर, म्हणून लागलं नाही. थोरली तिला हाताला धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी नळी लावून धाकटीची छाती ऐकली, पुन्हा ऐकली, डोळे मिटून ऐकली. मग म्हणाल्या, "एक बारीकसा आवाज येतोय. बहुतेक काही नसेल. पोटुशी बाईच्या अंगात रक्त वाढतं, त्याच हृदयाला ते सगळं ढकलावं लागतं, म्हणून बऱ्याच जणींना असा आवाज येतो. पण कधी कधी जुनं काहीतरी लपलेलं असतं, ते नेमकं याच दिवसांत डोकं वर काढतं. बाळंतपण हृदयाला झेपेल का, हे आधी कळलेलं बरं. इको करून घ्या."

"इको म्हणजे?" थोरलीने विचारलं.

"सोनोग्राफीच. पण छातीची." मग बाईंनी सहज विचारलं, "आणि तुझं काय? तू गेल्या वेळी तपासणीला आली नाहीस."

"मला काय धाड भरलीय," थोरली म्हणाली. बाईंच्या समाधानासाठी ती वजनकाट्यावर उभी राहिली आणि उतरली. तपासणी झाली.

घरी येऊन हे सांगितलं तर घरात नुसता गोंधळ. सासूबाईंना काही केल्या पटेना. "बाळाचं हृदय बघायचं तर छातीवर कशाला लावतात? बाळ काय छातीत आहे?"

"आई, बाळाचं नाही. हिचं," धाकटीचा नवरा म्हणाला.

"हिचं कशाला? पोटुशी आहे म्हणून तपासायचं ना? मग पोट तपासा."

तो शाळेत विज्ञानात बरा होता, त्याने समजावून सांगितलं की आत आवाज सोडतात, तो हृदयावर आपटून परत येतो, त्यावरून चित्र काढतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तिच्या छातीत ओरडणार? त्या पोरीला आधीच धडकी भरलेली असते." झालं. धाकटीने जे अंथरूण धरलं ते इकोच्या दिवशी सकाळीच सोडलं, तेही थोरलीने ओढून उठवलं म्हणून.

मोठ्या दवाखान्यातली ती खोली अरुंद होती आणि खिडकी कागद चिकटवून बंद केलेली. अंधारात एक मशीन, त्याचा निळसर पडदा, शेजारी उंच टेबल, वर कागद अंथरलेला. चादर नव्हती हेच आधी थोरलीच्या लक्षात आलं. मशिनवर एक तरणी मुलगी बसली होती. तिने धाकटीचं नाव मशिनमध्ये घातलेलंच होतं. "या, डाव्या कुशीवर झोपा," ती म्हणाली.

धाकटी दाराशीच थिजली. तिने वायरी पाहिल्या, चिकटपट्ट्या पाहिल्या, आणि तिचे ओठ पांढरे पडले. "वहिनी, मला नाही जमणार. खरंच नाही."

"अगं, काही नसतं त्यात."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कधी केलंय?"

एवढं पुरेसं होतं. थोरली त्या मुलीला म्हणाली, "बाई, एक काम करा. आधी मला लावून दाखवा. मी करून दाखवलं की ही गपगुमान झोपते. आमच्या घरची तशी रीतच आहे." मुलगी आधी नाही म्हणाली, मग धाकटीकडे बघून हसली. बाहेर रांग होती, आणि दारात रडणाऱ्या बाईला समजावण्यापेक्षा हे लवकर झालं असतं. थोरली टेबलावर चढली. चढताना तिला धाप लागली, पण टेबल उंच होतं, आणि पोट होतं, त्यात नवल काय?

जेल गार होतं. मुलीने मशिनला जोडलेला दांडा तिच्या छातीवर टेकवला आणि पडद्यावर काहीतरी हलायला लागलं. "हे बघ," थोरली मान वळवून म्हणाली, "दुखत नाही, खुपत नाही. नुसतं गार लागतं." पडद्यावर दोन झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. एक नीट उघडत होती, दुसरी अर्धवट उघडून अडखळत होती, गंजलेल्या बिजागरीवर अडकणाऱ्या दारासारखी. थोरलीला वाटलं सगळ्यांचं असंच असेल. तिने आजवर कुणाचं हृदय पाहिलं होतं? मुलगी बोलायची थांबली. एका हाताने दांडा फिरवत होती, दुसऱ्या हाताने सवयीने बटणं दाबत होती. मग तिने विचारलं, "तुमचे लहानपणी सांधे सुजले होते का कधी?" आणि तेवढ्यात दार उघडून कुणीतरी म्हणालं की तुला आयसीयूत बोलावलंय, लगेच चल, इथे दुसरी येतेय. मुलगी उठली, अर्धं वाक्य तोंडात घेऊन गेली, आणि त्या दिवशी परत आलीच नाही.

थोरलीने जेल पुसलं आणि खाली उतरली. "बघ, मेले का मी? ये आता." धाकटी डोळे मिटून टेबलावर चढली. पाचेक मिनिटांनी दुसरी बाई आली, वयाने मोठी, घाईत. तिने पडद्यावरचं नाव वाचलं, धाकटीला नाव विचारलं, जुळलं. "अर्धं झालंय वाटतं," ती म्हणाली, "उरलेलं घेते." थोरलीला काहीतरी खटकलं. तिने विचारलं, "बाई, आधीचं पुसलं ना?" ती बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "हो हो, पुसतो आम्ही ते, तुम्ही बाहेर बसा." त्या बाईला वाटलं जेलबद्दल विचारतायत. थोरलीला वाटलं चित्रांबद्दल सांगतायत. दोघी आपापल्या कामाला लागल्या.

चित्रं बघून निदान करायचे ते हृदयाचे डॉक्टर, आणि ते बसत दुसऱ्या खोलीत. दुपारी त्यांनी बोलावलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. म्हणाले, "हृदयात एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायला दारं असतात. यातलं एक दार अरुंद झालंय. फार नाही, पण आहे. गंमत म्हणजे काही चित्रांत ते चांगलं दिसतंय, काहींत वाईट. मापंही एकमेकांशी जुळत नाहीत. गरोदरपणात रक्ताचा जोर वाढतो, मापं इकडची तिकडे होतात, त्यामुळे असेल. पण वाईट दिसलंय ते सोडून कसं देणार?" मग त्यांनी धाकटीला विचारलं, "लहानपणी घसा दुखून, ताप येऊन सांधे सुजले होते का?"

धाकटीला डॉक्टरांसमोर नाही म्हणता येत नसे. "असतील," ती म्हणाली.

थोरलीला आठवलं, आपले सुजले होते. एक अख्खं वर्ष. आज गुडघा, उद्या घोटा, आई रात्रभर शेकत बसायची. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या दुखण्यात आपलं रडगाणं लावायची तिला सवय नव्हती.

त्या दिवसापासून घर बदललं. धाकटीला खिडकीजवळचा पलंग मिळाला. मीठ कमी, जिना बंद, वजन उचलणं बंद, आणि नाडी सावकाश चालावी म्हणून सकाळ-संध्याकाळ एक गोळी. तिचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यात, हृदयाचे डॉक्टर शेजारी उभे राहतील अशा बेताने ठरलं. थोरलीचं कोपऱ्यावर, गेल्या वेळेसारखं. सासूबाई भट्टीवाल्या माणसालाही दम द्यायच्या, झाकण हळू आपट, वर पेशंट आहे. आणि धाकटी करायची ते सगळं काम, घड्या, खळ, गच्चीवरच्या ओल्या चादरी, कुणी न सांगता थोरलीकडे आलं. तिने ते घेतलंही. न घेऊन सांगते कुणाला?

सातव्या महिन्यात थोरलीचं काहीतरी बिनसलं. ओल्या चादरींची टोपली घेऊन ती जिना चढायची आणि मधल्या वळणावर उभी राहायची. आधी क्षणभर, मग बराच वेळ. गच्चीवर गेली की टाकीच्या कट्ट्यावर बसून राहायची, तोंड उघडं टाकून, आणि खालून कुणी हाक मारली की "आले" म्हणण्याइतकाही श्वास जमायचा नाही. आडवं झालं की खोकला यायचा. ती न धुतलेल्या कपड्यांची दोन गाठोडी पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपायला लागली. तिने स्वतःला कारणं दिली. वाफ आहे. पोट मोठं आहे. वय वाढलंय. काम दुप्पट आहे. प्रत्येक कारण खरंच होतं, तीच तर पंचाईत होती.

आणि एक कारण ती स्वतःलाही सांगत नव्हती. तिला धाकटीचा हेवा वाटत होता. भट्टीपाशी उभं राहून तिच्या डोळ्यांपुढे तो खिडकीजवळचा पलंग यायचा, आणि मग तिला स्वतःचीच शरम वाटायची. ती बिचारी आजारी आहे आणि तुला तिच्या पलंगाची हाव? तिला वाटायचं, हे आपलं सोंग आहे. धाकटीचं हृदय बिघडलंय म्हटल्यावर आपल्यालाही धाप लागायला लागली. लहान पोरं नाही का करत, भावंडाला ताप आला की आपलंही कपाळ पुढे करतात. एकदा तिने नवऱ्याला म्हणून पाहिलं, "अहो, मला जरा दम लागतो हल्ली."

"लागणारच. दिवस भरत आलेत," तो इस्त्री फिरवत म्हणाला. "तुझं एक बरं आहे बाई, तू धडधाकट आहेस. दोघी झोपल्या असत्या तर मी काय केलं असतं?"

मग तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

गोंधळ दुसऱ्या बाजूनेही होताच. पेशंटला धाप मुळीच लागत नव्हती. धाकटी पलंगावर बसून कंटाळायची, रुमालांच्या घड्या मागून घ्यायची, गाणी गुणगुणायची. फक्त गोळी घेतल्यावर तासाभराने तिचे हात गार पडायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरीणबाई नाडी मोजून चक्रावायच्या, इतकी मंद कशी? सासूबाई म्हणायच्या, "बघा, हृदयच ते. आत काय चाललंय कुणाला कळतंय?"

आणि मग ते घडलं जे त्या धंद्यात कधीच घडलं नव्हतं. लॉजचा माणूस तक्रार घेऊन आला. त्याच्या गठ्ठ्यात अर्ध्या चादरी दवाखान्याच्या निघाल्या. दवाखान्याकडे अर्ध्या लॉजच्या गेल्या असणार. सगळ्यांना लाल दोरा होता. थोरलीने, श्वास घ्यायला थांबत थांबत खुणा घालताना, हातात असलेला दोरा बदललाच नव्हता. लॉजवाला म्हणाला, "बाई, वरच्या चादरी बघून मला वाटलं सगळ्याच आपल्या. खाली हात घातला तर भलत्याच. एकच गठ्ठा, एकच खूण, आणि आत दोन घरचा माल."

थोरली जमिनीवर बसून चादरी वेगळ्या करायला लागली. ही याची, ही त्यांची. तिला इतकी लाज वाटत होती की डोळ्यांत पाणी आलं होतं. एकच खूण, आणि आत दोघांचा माल. तिचा हात थांबला. अर्धं झालंय वाटतं, उरलेलं घेते. काही चित्रांत चांगलं दिसतंय, काहींत वाईट. मापं जुळत नाहीत. ती अंधारी खोली तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती अडखळणारी झडप, आणि अर्धं वाक्य तोंडात घेऊन गेलेली मुलगी. सांधे सुजले होते का, हे त्या मुलीने थोरलीला विचारलं होतं. धाकटी तेव्हा टेबलावर चढलीही नव्हती.

लॉजवाला गेला तरी ती तशीच बसून होती. खरं सांगायचं तर तिला काहीच नक्की कळत नव्हतं. असं असेल का? की पलंगाची हाव आता डॉक्टरकी शिकायला लागली? घरात सांगितलं तर काय म्हणतील, आता हिलाही हृदय हवंय. गप्प बसावं हे बरं. महिना-दीड महिना, निघून जाईल. निघून जाईल याच्यापुढे तिने विचार केला तेव्हा तिला आपल्या मुलीची शाळेची पिशवी दिसली, जिन्याच्या खांबाला अडकवलेली, आणि तिला पहिल्यांदा खरोखरची भीती वाटली. ती इतकी अनोळखी होती की आपल्याला नेमकं काय होतंय हे कळायलाही तिला वेळ लागला.

पण तरी ती बोलली नसती. वरून सासूबाईंचा आवाज आला, "धाकटे, गोळी घेतलीस का?" आणि त्यासरशी थोरली उठली. आपलं काय व्हायचं ते होईल, पण हृदय आपलं असेल तर त्या पोरीच्या पोटात आपलं औषध जातंय. तिच्या बाळाच्या अंगात जातंय. दुसऱ्याच्या कपड्याला आपला डाग लागू द्यायचा नाही, हे तिला समजत होतं. ती जिना चढली, वळणावर थांबली, पुन्हा चढली.

धाकटीच्या हातात पाण्याचा पेला होता. "थांब," थोरली दाराला धरून म्हणाली, आणि श्वास जमल्यावर सगळं सांगितलं.

धाकटीने पेला तोंडापासून खाली घेतला. "मग मी आजारी नाही?"

"माहीत नाही गं."

"मग मला चक्कर का येते?"

"गोळीने येत असेल."

"आणि गोळी कशाने?"

"माझ्यामुळे," थोरली म्हणाली.

धाकटीचा चेहरा रडवेला झाला. इतके दिवस मरणाच्या भीतीत काढल्यावर ती भीती आपली नव्हतीच म्हटल्यावर माणसाने करायचं काय? पण मग तिने वर पाहिलं, थोरलीच्या निळसर पडलेल्या ओठांकडे, दाराला धरलेल्या हाताकडे, आणि पेला बाजूला ठेवून ती पलंगावरून सरकली. "वहिनी, तुम्ही आधी बसा बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे पोचवायच्या गाडीत गाठोड्यांच्या मधे बसून दोघी आणि सासूबाई मोठ्या दवाखान्यात गेल्या. गाडी चालवणाऱ्या थोरलीच्या नवऱ्याला काय झालंय ते शेवटपर्यंत उलगडलं नव्हतं. "दोघींपैकी एकीला आहे म्हणता, पण कुणाला ते तर सांगा," तो पुन्हा पुन्हा विचारत होता. सासूबाई म्हणाल्या, "ते कळलं असतं तर तिथे कशाला गेलो असतो? चालव गाडी."

हृदयाच्या डॉक्टरांना आधी काही उलगडेना. कोण कुणाच्या आधी झोपलं, आणि का झोपलं, आणि ज्याला तपासायचं नाही त्याने टेबलावर चढायचंच कशाला? थोरलीने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी मशिनमधली जुनी चित्रं उघडली. पडद्याच्या तळाशी ठोक्यांची रेघ होती. "पहिल्या चित्रांत ठोके जलद, पुढच्यांत सावकाश," ते हळूच म्हणाले. "मी तेव्हाही पाहिलं होतं. मला वाटलं, आधी घाबरली असेल, मग शांत झाली असेल." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता नुसतं बघून यातलं कुणाचं काय हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दोघींचं नव्याने करू. मी स्वतः करतो."

"थांबा," थोरली म्हणाली. तिने पिशवीतून खुणेचा दोरा काढला. स्वतःच्या मनगटाला बांधला आणि एक गाठ मारली. धाकटीच्या मनगटाला बांधला आणि दोन गाठी मारल्या. डॉक्टरांनी दोन्ही मनगटं पाहिली.

तीच अरुंद खोली, तेच उंच टेबल. "आधी कोण?" डॉक्टरांनी विचारलं. सगळ्यांनी सवयीने थोरलीकडे पाहिलं. थोरली भिंतीला टेकून उभी होती. तिने त्या पडद्याकडे पाहिलं आणि तिचे पाय हलेनात.

"आधी धाकटी," ती म्हणाली. त्या घरात हे शब्द आजवर कुणी उच्चारले नव्हते.

धाकटी चढली, कुशीवर वळली. डॉक्टरांनी दांडा टेकवला, फिरवला, पुन्हा पुन्हा पाहिलं. दोन्ही झडपा सहज उघडत होत्या, सहज मिटत होत्या. "स्वच्छ," ते म्हणाले. "काहीसुद्धा नाही. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी ऐकला तो नुसता वाढलेल्या रक्ताचा आवाज. गोळी कशी बंद करायची ते मी सांगतो." सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला," त्या पुटपुटल्या, आणि मग रेडा कोण हे ध्यानात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला.

आता थोरलीची पाळी होती. उत्तर काय येणार हे खोलीतल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं, तिलाही. ती भिंतीपासून सुटेना. धाकटी जेल पुसत खाली उतरली, तिच्याजवळ आली आणि तिचा हात धरला. "काही नसतं, वहिनी. मी आत्ताच जाऊन आले. नुसतं गार लागतं."

थोरली झोपली. पडद्यावर ती झडप पुन्हा दिसली, अर्धी उघडून अडखळणारी, त्या दिवसापेक्षा जास्तच. डॉक्टरांनी मापं घेतली. ती जुळली. मग ते सावकाश बोलायला लागले. लहानपणच्या त्या सांधे सुजवणाऱ्या तापाने दार बरंच अरुंद झालंय. फुफ्फुसात पाणी साचायला सुरुवात झालीय, म्हणून आडवं झाल्यावर खोकला येतो. अशा स्थितीत कोपऱ्यावर बाळंतपण झालं असतं तर आई हाती लागली नसती. पण अजून वेळ आहे. मांडीतल्या शिरेतून बारीक फुगा सरकवून ते दार उघडता येतं, पोटात बाळ असतानाही येतं. आजच दाखल व्हायचं. "आणि या क्षणापासून," ते म्हणाले, "जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, पाण्याचा पेलासुद्धा दुसऱ्याने हातात द्यायचा."

थोरलीने लक्ष देऊन ऐकलं. मग तिने मान वळवून धाकटीकडे पाहिलं, तिने नीट ऐकलं की नाही, या काळजीने.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "काही उचलायचं नाही. अजिबात."

धाकटीने तिचा हात घट्ट धरला. "वहिनी," ती म्हणाली, "तुम्हाला सांगतायत ते."

थोरलीला कळेना. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मग धाकटीच्या हातातलं आपलं मनगट पाहिलं आणि अंगठ्याने दोऱ्यावरची गाठ चाचपली. एकच होती.